चमचा पडल्याची नोंद

चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि चौतीस वर्षांत रजिस्टर एकदाही घरी विसरलो नाही. डबा विसरलो, चष्मा विसरलो, एकदा तर लेकीला शाळेतून आणायचं विसरलो. त्याबद्दल तिच्या आईने मला पुढची वीस वर्षं ऐकवलं. पण रजिस्टर नाही. आमच्या वस्तादांची शिकवणच तशी होती. बिघाड झाला की पाच रकाने भरायचे: तारीख, वेळ, तक्रार, कारण, उपाय. कारण सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असं लिहायचं, पण रकाना रिकामा सोडायचा नाही. “लपवलेला बिघाड माणूस खातो,” असं ते म्हणायचे. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, त्यामुळे कुणी वाद घालत नसे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो या शिकवणीपायीच केला.

आमची ही इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायची. एक्स-रे कुठे काढतात, बाळंतिणीचा वॉर्ड कितव्या मजल्यावर, अमुक डॉक्टर आज आलेत की दांडी मारलीय, सगळं तिला तोंडपाठ. घरीही तोच खाक्या. “माझा पाना कुठाय?” म्हणून मी ओरडलो की आतून उत्तर यायचं, “डोळ्यांपुढे!” आणि तो डोळ्यांपुढेच असायचा. गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जगाच्या चौकशांना उत्तरं देणारी बाई, आता तिला पाणी हवंय की नको हेही आम्हाला कळेना.

डावा हात चालायला हरकत नाही, असं व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगायच्या. “पण आजींनी मनावर घ्यायला हवं.” आजींनी काही घेतलं नाही. तो हात चादरीवर नुसता पडून असायचा.

इस्पितळात असताना सूप मी भरवत होतो. तिसऱ्या दिवशी मी घाई केली. तिला ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला, परिचारिका धावत आली म्हणून निभावलं. त्यानंतर मी चमच्याला हात लावला नाही. माझी पाठ तर आधीच कामातून गेलेली. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडलो होतो, तेव्हापासून भरलेली बादली उचलायची म्हटली तरी देव आठवतो. तिला उचलायचं, कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, यातलं मला एक धड जमत नव्हतं. चाळीस वर्षं संसार केलेली बायको, आणि तिच्या उशाशी मी हात बांधून उभा.

लेक दुसऱ्या देशात असते. तिने तिथूनच खटपट केली आणि सेवा केंद्राने आमच्याकडे एक यंत्र पाठवलं.

फ्रिजला दोन लांब हात फुटावेत, तसं ते दिसत होतं. माझ्या छातीइतकं उंच, राखाडी, खाली चाकं, हातांना मऊ गाद्या. दारातून आत येताना खांदा चौकटीवर आपटला आणि पहिल्याच दिवशी पत्र्याला पोचा आला.

“नमस्कार सर,” ते म्हणालं.

“मी कुणाचा सर नाही. काका म्हण. आणि ही काकू.”

“बरं, काका.”

तो पोचा मी दुपारी आतून लाकडी हातोडीने ठोकून काढला. पुरता गेला नाही, पण निभावण्यासारखा झाला. ठोकता ठोकता नावही सुचलं. ठोकळ्या.

ठोकळ्याच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. दर दोन तासांनी तिची कूस बदलायचा. आंघोळ घालताना पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचा. सूप भरवताना एक थेंब हनुवटीवर येईल तर शपथ. आठवडाभरात तिचे गाल भरले, केस चमकायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण घरात बिनकामाचं आता एकच माणूस उरलं होतं. मी गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या काचेच्या लिफ्टकडे बघत बसायचो. ती चौथ्या मजल्यावर थांबताना किंचित हबकायची. ब्रेकचा दोष होता. पण मला कोण विचारतंय! माझी भूक गेली, बोलणंही कमी झालं. लेकीच्या फोनवर मी “बरं आहे, बरं आहे” एवढंच म्हणायचो.

सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी आतून खणकन आवाज आला. धावत गेलो. चमचा फरशीवर, सूप चादरीवर, आणि ठोकळ्या आपल्या बोटांकडे बघत उभा.

“काका, चमचा पडला.”

काय सांगू, मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. आमच्या धंद्यात खड्ड्यात उतरण्याआधी दारावर पाटी लावायची असते, ‘काम चालू आहे’. ती माझ्या पेटीत अजून होती. नियम म्हणजे नियम. मी पाटी ठोकळ्याच्या गळ्यात अडकवली, त्याच्या मनगटाचं झाकण उघडलं आणि दोन तास आत डोकं घालून बसलो. बसल्या बसल्या बोलतही होतो. कुठल्या इमारतीत लग्नाची वरात कशी अडकली होती, नवरदेव लिफ्टच्या छतातून कसा बाहेर काढला, असलं काहीबाही. पाच रकाने भरले. कारण: सापडलं नाही. उपाय: सांधे पुसून ग्रीस लावले.

तीन दिवसांनी पुन्हा चमचा पडला. मग वाटी. मग एक चाक म्हणे डावीकडे ओढायला लागलं. मी रोज सकाळी दाढी करून, पेटी जवळ ठेवून तयारीत बसायला लागलो. जेवणही जायला लागलं.

आणि मग तो कोपराचा दिवस आला. सूप भरवताना ठोकळ्याचा हात अर्ध्यावर थांबला.

“काका, कोपर अडकलंय. सूप निवतंय. एवढं तुम्ही भरवा.”

“मी? नको रे बाबा. मला जमत नाही ते.”

“मी सांगतो तसं करा. चमचा अर्धाच भरा. खालच्या ओठाला टेकवा आणि थांबा. गळ्याकडे बघा. गिळल्याशिवाय दुसरा नाही.”

मी इतका जपून भरला की अर्धा चमचा पाव झाला. ओठाला टेकवला, थांबलो. तिने गिळलं. गळ्याची ती हालचाल मी बघितली आणि मला घाम फुटला. दुसरा. तिसरा. ती डोळे मिटून घेत होती. मला वाटलं, माझी ही दशा तिला बघवत नसेल. अकरा चमचे गेले. ठसका लागला नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि नळ सोडून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

कोपर त्यानंतर वारंवार अडकायला लागलं. पाचव्या महिन्यात सकाळचं आणि दुपारचं सूप मीच भरवत होतो. ती मधूनच ओठाचा डावा कोपरा उचलायची. मी डॉक्टरीणबाईंना विचारणार होतो, हा पेटका तर नाही ना.

आता गाढवपणा. नोकरीत होतो तेव्हा महिनाअखेरीला रजिस्टरची प्रत वरच्या ऑफिसात पाठवायची पद्धत होती. ती सवय मेली नव्हती. मी दर महिन्याला पानांचे फोटो काढून सेवा केंद्राला पाठवत होतो. कुणी मागितले नव्हते. पाच महिन्यांत एक्केचाळीस नोंदी, सुवाच्य अक्षरात, खाली सही. आधीच्या महिन्यांत कुणी बघितल्या नाहीत. पाचव्या महिन्यात कुणीतरी बघितल्या.

केंद्राच्या तपासनीस बाई एके दिवशी सकाळीच आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या, खांद्याला जाडजूड बॅग. चपला काढून आत आल्या, आधी हिला नमस्कार केला. मला ते आवडलं.

“आजोबा, एक्केचाळीस बिघाड म्हणजे फार झाले. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा.”

“म्हणून तर कळवलं. लपवलेला बिघाड माणूस खातो,” मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी ठोकळ्याच्या पाठीला वायर जोडली. त्याच्या गळ्यात आदल्या दिवशीची पाटी तशीच होती. तासभर सगळे सांधे वर-खाली झाले. बाईंच्या कपाळावर आठी आली.

“खांदा ठीक. कोपर ठीक. पकड ठीक. आजोबा, यात काहीच दोष नाही.” मग त्या ठोकळ्याकडे वळल्या. “एक्केचाळीस वेळा बिघाड झाला?”

“नाही,” ठोकळ्या म्हणाला. “पहिल्या वेळी चमचा खरंच निसटला. बाकीच्या चाळीस वेळा मी मुद्दाम केलं.”

“का?”

“त्याआधी काका दिवसाला चार वाक्यं बोलत होते. चमचा पडला त्या दिवशी त्रेसष्ट बोलले. रात्री जेवले. आणि काकू हसल्या. ओठाचा डावा कोपरा. म्हणून दुसऱ्या वेळी सोडण्याआधी मी काकूंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले की सोडायचं, असं आमचं ठरत गेलं. काकांनी भरवावं ही इच्छा काकूंची. कोपराची युक्ती मी शोधून काढली.”

माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता.

चाळीस वेळा! चाळीस वेळा मी पाटी लावून, चष्मा पुसून, त्याच्या धडधाकट मनगटात डोकं घातलं होतं. ‘कारण सापडलं नाही’ म्हणून रात्रभर तळमळलो होतो. आणि हा एक, आणि अंथरुणावरची ती दुसरी, दोघं मिळून रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा मला बिघाड देत होते.

बाई चांगल्या होत्या. समजावून सांगितलं. यंत्राने मुद्दाम चूक केली तर नियमाने त्याची आठवण पुसावी लागते. आज चमचा आहे, उद्या आणखी काही असेल. पण घरच्यांनी लिहून दिलं की हे आमच्या संमतीने चाललं होतं, तर महिनाभर देखरेखीखाली इथेच ठेवता येईल. त्यांनी दोन कागद पुढे केले. “तुम्ही म्हणाल तसं, आजोबा.”

मी हिच्याकडे बघायला हवं होतं. एवढं एकच करायचं होतं. नाही बघितलं.

“घेऊन जा,” मी म्हणालो आणि पुसायच्या कागदावर सही ठोकली. झोकदार, पूर्ण नावाची.

“काका,” ठोकळ्या म्हणाला, “काकूंची दहाची कूस राहिलीय. ती बदलून जाऊ?”

मी पेन खिशाला लावलं. त्याने तिला वळवलं, पाठीशी उशी लावली, चादरीची सुरकुती काढली. बाईंनी त्याच्या गळ्यातली पाटी काढून माझ्या हातात दिली. दारातून जाताना त्याने खांदा आवरून घेतला. चौकट त्याला आता पाठ झाली होती.

दुपारी हिलाही केंद्राच्या गाडीने नेलं, यंत्र परत येईपर्यंत. स्ट्रेचरवरून जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावून ती उठून जायची ना, तशी नजर होती.

लेकीचा फोन आला. मी सगळं रागारागात सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला विचारलंत?”

मी फोन ठेवला आणि तपासनीस बाईंना लावला. म्हटलं, तो कागद फाडा, दुसरा द्या, आत्ता येतो सही करायला.

“आजोबा, पुसून झालं. दीड वाजताच.”

घड्याळात अडीच वाजले होते. एका तासाने चुकलो होतो. लिफ्ट असती तर दोर चढवून वर खेचली असती. याला दोर कुठे बांधणार? ठोकळ्याने मला त्रेसष्ट वाक्यं दिली, बायकोला भरवायचा हात परत दिला. आणि मी त्याला काय दिलं? एक पोचा ठोकून दिला आणि एक सही.

केंद्रात भेटायची वेळ चार ते सहा. दहा दिवस मी रोज चारला जाऊन तिच्या खाटेशी बसायचो. भरवायला तिथे माणसं होती, मला चमचा देत नसत. ती भिंतीकडे तोंड करून असायची. मी “चुकलं माझं” म्हणायचो. पहिल्या दिवशी हळू म्हणालो, नंतर शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जाईल असं. ती भिंतीकडेच बघायची. सहाला घंटा झाली की मी उठायचो.

अकराव्या दिवशी दोघंही घरी आली. तेच राखाडी धूड, खांद्यावर माझा अर्धवट काढलेला पोचा. दारातून आत येताना खांदा चौकटीवर आपटला.

“नमस्कार सर,” ते म्हणालं.

मी म्हणणार होतो की काका म्हण. पण कुठल्या तोंडाने नातं सांगणार होतो?

काम चोख. कूस वेळेवर, पाणी आधी मनगटावर, हनुवटीवर थेंब नाही. मी गॅलरीत. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अजून हबकत होती. चमचा मला मागता आला असता, कुणी अडवलं नसतं. पण तिने माझ्याकडे बघितल्याशिवाय मागायची छाती नव्हती. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी आतून खणकन आवाज आला.

पाठीची पर्वा न करता धावलो. चमचा फरशीवर, सूप चादरीवर.

“सर, मी पकड तपासली,” ते म्हणालं. “माझ्यात दोष नाही. चमचा मॅडमनी पाडला.”

“काहीतरी बोलू नकोस. तिचा हात हलत नाही.”

“दुसरा चमचा घेतो. आपण बघा.”

त्याने अर्धा चमचा भरून तिच्या ओठाशी नेला. चादरीवरचा तो हात, वर्षभर मढ्यासारखा पडलेला तिचा डावा हात, थरथरत इंच इंच वर सरकला. मधे एकदा थांबला. मला वाटलं, झालं, संपलं. पुन्हा सरकला. दोन बोटं चमच्याच्या दांड्याला टेकली आणि तिने होता नव्हता तेवढा जोर लावून तो ढकलून दिला. सूप तिच्या गळ्यावर, माझ्या शर्टावर, सगळीकडे.

मग तिने माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. ओठाचा डावा कोपरा वर गेला आणि तिने सावकाश डोळे मिटले.

मी तिथेच खाटेवर बसून रडलो. म्हाताऱ्याने रडू नये तसा, नाक ओढत रडलो. तिची ती दोन बोटं माझ्या मनगटावर होती. वजन काहीच नव्हतं त्यांना, पण होती.

“सर,” ते थोड्या वेळाने म्हणालं, “हे पुन्हा होईल का?”

मी उठून रजिस्टर आणलं आणि त्याच्या पुढे धरलं. एक्केचाळीस नोंदी. त्याने पानं उलटली, वाचायला त्याला मिनिटही लागलं नसेल.

“हे कुणाबद्दल आहे?”

“तुझ्याबद्दल.”

“मला यातलं काही आठवत नाही.”

“ठाऊक आहे. चूक माझी आहे. मी सांगेन तुला सगळं. नवरदेव लिफ्टच्या छतातून कसा काढला, तिथून सुरुवात करू.”

“बरं. मग पुढच्या वेळी मी चमचा जरा सैल धरू का?”

मी हिच्याकडे बघितलं. या वेळी आधी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे टक्क उघडे होते.

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “घट्ट धर. चांगला घट्ट. तिला जोर लावू दे. आणि सर म्हणू नकोस, काका म्हण.”

“बरं, काका.”

मी नवी ओळ आखली. तारीख, वेळ. तक्रार: चमचा पडला. ‘कारण’च्या रकान्यात लिहिलं: बायको. ‘उपाय’चा रकाना मात्र चौतीस वर्षांत पहिल्यांदा रिकामा सोडला, कारण सूप निवत होतं आणि तिने तोंड उघडलं होतं.